जंजिरा की सिंधुदुर्ग? एकच जलदुर्ग बघायचा असेल तर

दोनच दिवसांची सुट्टी आणि निघायचं मुंबई-पुण्याहून, तर सरळ मुरुडचा जंजिरा गाठा. मुंबईहून मुरुड दीडशे किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्गासाठी गाठायचं ते मालवण पाचशेच्या घरात. पण हाताशी चार दिवस असतील, तर मी सिंधुदुर्गच म्हणेन, तेही ठामपणे.

जंजिऱ्याचा दरारा मोठा आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालं की समोर तट दिसत राहतो, दरवाजा मात्र दिसत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मध्ये तो एकदम समोर येतो. दाराजवळचं शिल्प नीट बघा: पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेला वाघासारखा पशू. आत कलालबांगडी तोफ आहे, गोड्या पाण्याचे तलाव आहेत. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून दगडांचा सेतू टाकून पाहिला, तरी सिद्दीच्या ताब्यातला हा किल्ला पडला नाही. तटावरून समोर पद्मदुर्ग दिसतो, जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी उभारलेला जलदुर्ग. राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी, हे त्याचं वर्णन महाराजांच्याच पत्रातलं.

सिंधुदुर्ग बघायचा तो शिवाजी महाराजांचा समुद्राचा विचार कळावा म्हणून. १६६४ मध्ये कुरटे बेटावर हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं आणि तीन वर्षांत पुरं झालं. पायाचे दगड शिसं ओतून बसवले. आत शिरताना वाट वळते, त्यामुळे समुद्रातून दरवाजावर थेट तोफ डागता येत नाही. मग तटावर चढा. तो सुमारे तीन किलोमीटर लांब आहे आणि बेटाच्या खडकासोबत सारखा आतबाहेर वळत जातो. प्रत्येक वळणाच्या बुरुजावरून शेजारच्या भिंतीचा पायथा दिसतो, म्हणजे तटाला भिडलेला शत्रू दोन बाजूंनी माऱ्यात सापडणार. हे पुस्तकातल्या नकाशावर कळत नाही, चालल्यावर कळतं. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर, भर समुद्रात गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरी, शिवाय किल्ल्यात आजही नांदती घरं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आहे, जंजिरा नाही.

अडचण वेळेची. होडीवाले परतीची वेळ बांधून देतात आणि तेवढ्यात सिंधुदुर्गाचा सगळा तट होत नाही. सकाळची पहिली होडी धरा आणि जास्त वेळ हवा, हे बसण्याआधीच ठरवून घ्या. जंजिरा आटोपशीर असल्यामुळे तिथे ही चुटपुट कमी लागते.

पावसाळ्यात दोन्हीकडच्या होड्या बंद असतात. हलत्या होडीतली चढउतार ज्यांना झेपणार नाही, अशी वडीलधारी मंडळी सोबत असतील, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातलाच विजयदुर्ग बघा. तिथे दारापर्यंत रस्त्याने जाता येतं, आणि तिहेरी तटबंदी बघायला अर्धा दिवस सहज लागतो.