मोरीतला भोवरा: इलेक्ट्रिक स्क्रबर नऊ महिने वापरल्यावर

हे यंत्र मी घेतलं ते मनगटापायी. आदल्या श्रावणात मागीलदारच्या पायरीवर शेवाळावरून घसरले आणि उजवा हात सहा आठवडे प्लास्टरात गेला. प्लास्टर निघालं, पण घासणीवर जोर दिला की कळ यायची ती यायचीच. आणि आमचं घर गुहागरला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, नारळी-पोफळीच्या आगरात, चिऱ्याचं. दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. पुण्याहून आलेला पाहुणा समुद्र नंतर बघतो, आधी न्हाणीघराचा कोपरा बघतो.

त्यात २०२५ साली पावसाने मे महिन्यातच गाठलं. २५ मेला तो तळकोकणात उतरला आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत. मधले आम्ही कुठे सुटणार? आंब्याची साठं अर्धी ओली, फणसाचे पापड पडवीत दोरीखाली पसरलेले, आणि एरवी जुलैत दिसणारी बुरशी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच टाइल्सच्या फटींत काळी रेघ ओढून बसली. त्याच आठवड्यात हा स्क्रबर ऑनलाइन मागवला. साधारण दीड हजार रुपये. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे, आणि या किमतीचे बहुतेक स्क्रबर एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात.

लांबट दांडा, पुढे गरगर फिरणारा ब्रश, दोन वेग, टाइप-सीने चार्जिंग. माझ्या वजनकाट्यावर ४१० ग्रॅम भरला. डब्यात तीन ब्रश आले: एक चपटा, एक घुमटासारखा आणि एक टोकदार. सासूबाईंनी पहिल्या दिवशी बघितला आणि म्हणाल्या, "अगो, हा तर भोवरा." तेव्हापासून घरात त्याचं नाव तेच.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पैसे पाण्यात गेले. फटीवर ठेवला, दाबला, आणि भोवरा थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा थांबला. आत अशी काहीतरी सोय आहे, जोर पडला की मोटर बंद होते. आपल्याला सवय घासायची, म्हणजे अंग टाकून घासायची. इथे अंग टाकायचंच नाही. ब्रशचे केस टोकावर फिरले पाहिजेत. ते आडवे पडले की फक्त फरफट होते, मळ निघत नाही आणि ब्रश मात्र आठ दिवसांत पिंजलेल्या काथ्यासारखा होतो. माझा पहिला चपटा ब्रश असाच गेला. आता नुसता टेकवते आणि हळूहळू सरकवते, इस्त्री फिरवावी तसा.

दुसरी गोष्ट कळायला महिना लागला. मळ हा भोवरा काढतच नाही, तो फक्त सुटलेला मळ उचलतो. सोडवण्याचं काम आधी दुसऱ्या कशाने तरी झालेलं असावं लागतं, आणि ते कशाने, हे मळागणिक वेगळं.

न्हाणीघरातल्या काळ्या बुरशीला ब्लीच. पाण्यात पातळ केलेलं ब्लीच कापसाच्या वातीने फटीवर लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, पाणी मारून धुऊन टाकायचं आणि मग भोवरा. हे 'धुऊन टाकायचं' मी पहिल्यांदा गाळलं. फिरत्या ब्रशने ब्लीचचे थेंब असे उडवले की माझ्या निळ्या गाऊनवर छातीपासून गुडघ्यापर्यंत पांढरे ठिपके. डोळ्यांत गेलं नाही हे नशीब. आता यजमानांचा मोटारसायकलचा चष्मा लावते. ते हसतात, हसू देत. आणि एक सांगून ठेवते, कारण आमच्या वाडीतच एकीने केलेलं बघितलंय: ब्लीच आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड एकत्र करू नका, एकापाठोपाठही नको. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. तसंही ते अ‍ॅसिड टाइल्सच्या फटींना नकोच. फटीत सिमेंट असतं, ते अ‍ॅसिडने झिजतं, फट खडबडीत होते आणि पुढच्या पावसात बुरशीला तिथे आयतं घर मिळतं.

बेसिनवरचे तांबडे डाग हे वेगळं प्रकरण. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे, जांभ्याच्या मुलखात नवल नाही. नळ जिथून ठिबकतो तिथे गंजाची जिभेसारखी रेघ. त्यावर ब्लीच लावलं तर डाग जात नाही, उलट पक्का बसतो. मी हे वर्षानुवर्षं करत होते आणि नळाला शिव्या घालत होते. त्याला लिंबूसत्त्व लागतं. किराणा दुकानात मिळतं ते, एक चमचा अर्ध्या वाटी कोमट पाण्यात. टिश्यू त्यात भिजवून डागावर पंधरा मिनिटं चिकटवून ठेवायचा आणि मग टोकदार ब्रश. नळाच्या मुळाशी, जिथे बोट जात नाही आणि जुना टूथब्रश वाकतो, तिथे या टोकदार ब्रशने जे काम केलं त्याला तोड नाही. शॉवरच्या चाळणीवरचे पांढरे क्षारही असेच निघाले. फक्त हे पाणी कडप्प्यावर सांडू देऊ नका. कडप्पा म्हणजे चुनखडीच, आंबट लागलं की चकाकी जाते. आमच्या ओट्यावर वाटीच्या बुडाएवढा मंद गोल आहे, तो माझाच उद्योग.

पण पैसे खरे वसूल झाले ते खिडक्यांत. पाहुण्यांच्या खोल्यांना सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आहेत. त्यांच्या खालच्या खाचेत वर्षभरात काय काय साठतं! पुळणीवरून उडून आलेली वाळू, मीठ, मेलेली चिलटं, पोफळीचा भुसा. दरवर्षी जोराचा पश्चिमेचा वारा सुटला की खिडकीतून पाणी आत येऊन गादीपर्यंत जायचं. दोन वर्षं आम्ही समजत होतो की खिडकी बसवणाऱ्याने फसवलं. भोवऱ्याने खाच घासता घासता बाहेरच्या बाजूला दोन बारीक भोकं दिसली, वाळूने गच्च भरलेली. खाचेत येणारं पाणी बाहेर जायला ती ठेवलेली असतात, आणि आम्ही ती कधी पाहिलीच नव्हती! खराट्यातला एक हीर काढून भोकं मोकळी केली, तांब्याभर पाणी ओतलं, सरळ बाहेर गेलं. जुलैच्या मोठ्या पावसात दोन्ही गाद्या कोरड्या. याचं श्रेय भोवऱ्याचं की हिराचं, यावर घरात एकमत नाही.

खाच घासण्याची रीत मात्र कोरडीपासून सुरू करायची. आधी रंगकामाच्या ब्रशने वाळू झाडून घ्यायची. तशीच ओली केली तर चिखल होतो, आणि ती वाळू फिरत्या ब्रशखाली आली की अ‍ॅल्युमिनियमवर गोल गोल चरे पडतात.

स्वयंपाकघरात त्याचं काम बेताचं. कुकरच्या झाकणाची रिंग बसते ती खोबण, मिक्सरच्या भांड्याच्या बुडाचा चिकट कोपरा, गॅसच्या बर्नरची टोपी, गणपतीच्या आधी माळ्यावरून काढलेल्या मोदकपात्राची भोकं, इथपर्यंत ठीक. त्यासाठी वेगळा ब्रश ठेवलाय, त्याच्या मानेला लाल दोरा बांधलाय, आणि तो न्हाणीघरात जात नाही. जळकी कढई, चुलीवरच्या पातेल्याची काजळी, घंगाळाचं बूड, इथे भोवरा नुसता गुणगुणतो. तिथे राख आणि नारळाचं सोडणच.

देवाच्या भांड्यांवर वाद झाला. २७ ऑगस्टला गणपती होते, आदल्या रविवारी मी समई घेऊन बसले. सासूबाईंचं म्हणणं, देवाच्या भांड्याला यंत्र लावायचं नाही. मी म्हटलं, निदान नक्षीच्या खोबणीत तरी लावून बघू. पावडर टाकून कडक ब्रश फिरवला आणि पितळेवर बारीक वेटोळी उमटली, उन्हात धरली की दिसतात. त्यांनी समई माझ्या हातातून घेतली, काही बोलल्या नाहीत. भिजवलेली आमसुलं घेऊन अंगठ्याने तासभर घासत बसल्या आणि समई झळाळली. आमसुलातलं आम्ल तांब्या-पितळेवरचा कळंक विरघळवतं, जोर लागतच नाही. मग यंत्र कशाला? तर नक्षीच्या अगदी तळात, आमसुलाचं पाणी लावून झाल्यावर, सगळ्यात मऊ ब्रश, कमी वेगावर, पावडरीशिवाय. एवढीच मुभा मला मिळाली आहे.

ज्या कामासाठी मला तो सर्वांत जास्त हवा होता तिथे तो साफ नापास. ती पायरी! जिच्यावरून मी पडले तीच. जांभ्याचा दगड खरखरीत आणि सच्छिद्र. शेवाळ त्याच्या भोकाभोकांत मुळं धरल्यासारखं बसतं. अर्ध्या तासात घुमटी ब्रशचे केस निम्मे झाले, पायरीचा हातभर तुकडा साफ झाला, बॅटरी संपली, आणि घासलेल्या जागी दगडाची लाल भुकटीही सुटायला लागली. यजमानांनी ब्लीचिंग पावडर शिंपडली, खराट्याने वीस मिनिटांत चारी पायऱ्या झाडल्या. तेव्हा अंगण, चिरा, गच्ची यांसाठी कुणी हा घेत असेल तर घेऊ नका. फरशी पुसण्या-घासण्यासाठीही नको. तळहाताएवढी जागा, कोपरा, खाच, सांधा, इतकंच याचं राज्य.

आता यंत्राबद्दल. खोक्यावर दीड तास चालेल असं लिहिलेलं. मला नवीन असताना मोठ्या वेगावर चाळीस मिनिटं मिळाली, आता तीस-बत्तीस. मला पुरतात, कारण वीस मिनिटांनंतर त्या थरथरीने मनगट बोलायला लागतं. हे विकणारे सांगत नाहीत. जोर लागत नाही हे खरं, पण कंप हातात चढतो. ज्यांना सांध्याचं दुखणं आहे त्यांनी आधी कुणाचा तरी मागून दहा मिनिटं वापरून बघावा. मी डाव्या हाताने धरायला शिकले. पावसात दोन दोन दिवस लाइट नसते तेव्हा चार्जिंगवर चालणारं यंत्र बरं. सेल घालायचे म्हटलं तर किराणा दुकानापर्यंत भिजत जावं लागलं असतं.

'आयपीएक्स७' असंही खोक्यावर होतं. याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी जाऊ नये. पण ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली, आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच लावलेलं असताना. आमच्या खाऱ्या हवेची चाचणी कुणी घेतलेली नाही. ऑक्टोबरात एकदा बूच उघडं राहिलं आणि यंत्र चार दिवस न्हाणीघराच्या कोनाड्यात पडून होतं. चार्जिंग बंद. भोकात बघितलं तर हिरवा कळंक. ग्राहक सेवेला फोन केला. तिथल्या मुलाने अतिशय गोड आवाजात सांगितलं की ओलाव्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मोरीत वापरायचं यंत्र आणि ओलावा वॉरंटीत नाही! चिपळूणला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या भाच्याने दोन मिनिटांत साफ करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत, नारळ मात्र चार नेले.

तेव्हापासून शिस्त: काम झालं की ब्रश काढायचा, दोन्ही गोड्या पाण्याने धुवायचे, फडक्याने पुसायचे, पंख्याखाली तासभर ठेवायचे. ब्रश ज्या लोखंडी खुंटीवर बसतो तिला गंज धरतोच, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. मग स्टीलच्या डब्यात, चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या त्या ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसोबत. हे सगळं करायचा कंटाळा असेल तर किनाऱ्यावरच्या घरात हे यंत्र एक पावसाळा काढणार नाही.

मोठी तक्रार ब्रशांची. मूळ कंपनीचे सुटे ब्रश मला नऊ महिन्यांत एकदाही मिळाले नाहीत, कायम 'सध्या उपलब्ध नाही'. दुसरे मागवले ते खुंटीवर सैल बसतात. फिरताना डगडगतात आणि एकदा तर एक उडून बादलीत पडला. खुंटीवर टेफ्लॉनची पट्टी, नळाला गुंडाळतात ती, दोन वेढे घातली तेव्हा घट्ट झाले. वाकलेले केस कढत पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात घातले की पुष्कळसे सरळ होतात, पण हा उपाय दोनतीनदाच चालतो. यंत्र घेण्याआधी त्याचे सुटे ब्रश मिळतात का ते बघा, वेग आणि रंग नंतर.

परवा शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरी आली. त्याआधी दोन दिवस ओटीच्या टाइल्सच्या फटी, उंबऱ्याचे कोपरे, दाराच्या पितळी कड्यांमागची जागा सगळं भोवऱ्याने झालं, रोज वीस मिनिटं, मनगट न दुखवता. दाराच्या कोरीव लाकडावर मात्र कोरडा मऊ ब्रशच फिरवला, लाकूड ओलं करायचं नाही. पाच तारे देणार नाही, साडेतीन. अर्धा तारा सुट्या ब्रशांसाठी कापला, एक त्या वॉरंटीसाठी. आता मे उजाडायच्या आत आणखी दोन संच मागवायचे आहेत, सैल तर सैल. एकदा पाऊस लागला की कुरिअर चिपळूणपर्यंत येतं आणि तिथेच बसून राहतं.