आवाज वाढवला की ॲम्प बंद पडतो? आधी मीटर लावायला सांगा, मग पैसे काढा

गाडीत गाणी मध्यम आवाजात छान वाजतात, पण व्हॉल्यूम वाढवला की बेसच्या ठोक्याला सगळं गप्प. दोन-तीन सेकंदांनी परत सुरू. हा दोष घेऊन ॲक्सेसरीजच्या दुकानात जाणार असाल तर हे वाचून जा. पुण्यातल्या एका दुकानदाराने याच दोषावर मला पद्धतशीर कापलंय.

माझ्या वॅगनआरमध्ये सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) आणि ॲम्प (त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) त्यानेच बसवलेला. ढोल-ताशाचा ट्रॅक जोरात लावला की डिकीतल्या ॲम्पवर लाल दिवा लागायचा आणि आवाज जायचा. हा प्रोटेक्शनचा दिवा. व्होल्टेज पुरत नसेल, ॲम्प तापला असेल किंवा स्पीकरची वायर कुठे शॉर्ट असेल, तर ॲम्प स्वतःला बंद करून घेतो. यातलं काहीही न तपासता दुकानदार म्हणाला, "साहेब, ॲम्प गेला. आतली आयसी उडालीय." आयसी उडालेला ॲम्प हळू आवाजात ठणठणीत वाजतो कसा, असं विचारलं तर म्हणे, "लोड येतो ना साहेब." नवा ॲम्प ९,५०० रुपये. जुना भंगार म्हणून ५०० रुपयांत त्यानेच ठेवून घेतला.

नव्याच्या डब्यावर २००० वॅट छापलेलं होतं आणि मागे फ्यूज ३० अँपिअरचा! १४ व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ४२० वॅट, त्यातलेही बरेच उष्णतेत जाणार. डब्यावरचा आकडा शोभेचा असतो. आरएमएस, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ती खरी ताकद, विचारा आणि फ्यूज बघा.

नवा ॲम्पही त्याच ठोक्याला बंद. मग "बॅटरी कमजोर आहे, कपॅसिटर टाकू." कपॅसिटर म्हणजे ठोक्याला लागणारी जादा वीज क्षणभर पुरवणारा भाग. आणखी ३,२०० रुपये. फरक शून्य.

शेवटी आमच्या भागात रिक्षांचं वायरिंग करणाऱ्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून आवाज वाढवायला सांगितला आणि मीटर धरला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, ॲम्पच्या टर्मिनलवर ठोक्यागणिक १०.६. मधले तीन व्होल्ट वायरमध्ये आणि अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या बॉडीला दिलेल्या जोडणीत, जिरत होते. बॅटरी ठणठणीत होती.

काकांनी वायर कापून दाखवली. बाहेरून करंगळीएवढी जाड, पण सगळी जाडी प्लास्टिकची. आत मूठभरही तारा नाहीत. एक तार ब्लेडने खरवडली तर वरचा तांब्याचा मुलामा निघाला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम. ही वायर 'प्युअर कॉपर' म्हणून विकलेली. ॲल्युमिनियमचं वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, त्यामुळे हातात घेतली तरी शंका यायला हवी. अर्थिंग सीटच्या बोल्टला, तेही रंगावरच आवळलेलं. आणि बॅटरीजवळ फ्यूजच नाही! तो फूटभराच्या आत हवाच. नाहीतर वायर कुठे घासून बॉडीला लागली की गाडी पेट घेऊ शकते. माझ्या मते सगळ्यात संतापजनक प्रकार हाच.

काकांनी १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली, बॉडीचा रंग घासून अर्थिंग चकचकीत पत्र्यावर दिलं, बॅटरीजवळ फ्यूज लावला. मजुरीसकट २,३०० रुपये. तोच ट्रॅक, फुल आवाज, लाल दिवा नाही.

जाब विचारायला दुकानात गेलो तर काउंटरमागच्या फळीवर माझा 'गेलेला' ॲम्प, कोपऱ्यावरच्या त्याच ओरखड्यासकट. खाली चिठ्ठी: सेकंड हँड, चालू, ४,०००. विचारलं तर "आम्ही रिपेअर केला."

पक्कं बिल त्याने दिलं नव्हतं, पण यूपीआयच्या नोंदी होत्या आणि 'प्युअर कॉपर' असं व्हॉट्सॲपवर त्यानेच लिहिलेलं. कापलेल्या वायरचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार केली. त्यानंतर वायरचे आणि कपॅसिटरचे पैसे परत आले. ॲम्पच्या पैशांवर तो अजून हटून बसलाय, तेव्हा आता जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.