ईसीएम उडालाच नव्हता: इंदूरमध्ये माझे साडेअठरा हजार कसे गेले

गेल्या ऑगस्टमध्ये सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आम्ही राजेंद्र नगरला राहतो, दवाखाना पलासियाला, आणि आठ वाजता पोचायचं होतं. रात्रभर पाऊस झोडपत होता. साडेसातला बाबांना गाडीच्या पुढच्या सीटवर बसवलं, चावी फिरवली, तर आतून एकदाच "टक" असं वाजलं आणि पुढे काही नाही. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) उचललाच नाही. चार-पाच वेळा तेच झालं. शेवटी रिक्षा बोलावली आणि भर पावसात बाबांना त्यात बसवून नेलं. ऑपरेशन नीट झालं, पण माझा जीव दिवसभर टांगणीला होता. हे आधी सांगते, कारण अशा मनःस्थितीत असलेलं माणूसच फसतं. नवरा पुण्याला नोकरीला, दुसऱ्या दिवशी बाबांना पट्टी काढायला न्यायचं, आणि दारात गाडी बंद.

दुपारी जवळच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने आपल्या बॅटरीच्या दोन वायरी आणल्या आणि आमच्या बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांना लावल्या. गाडी सुरू झाली नाही. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. "मॅडम, ईसीएम उड़ गया. पानी चला गया अंदर." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. स्क्रीनवर दोषाचे दोन कोड होते. त्याने बोट ठेवलं ते यू०१०० वर, म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला. वरच्या कोडबद्दल तो एक शब्द बोलला नाही. नवऱ्याला पाठवायला म्हणून मी त्या स्क्रीनचा फोटो काढला, ते फार बरं केलं.

मी त्याला एक गोष्ट विचारली होती. चावी फिरवताना हेडलाइट जराही मंद होत नाहीत, हॉर्नही खणखणीत वाजतो, हे कसं? "ते सगळं वेगळं असतं," म्हणाला. मी गप्प बसले. खरं तर सगळं उत्तर त्या एका प्रश्नात होतं.

नवा ईसीएम, बसवणं, कोडिंग धरून १८,५०० रुपये सांगितले. ८,००० मी यूपीआयने आगाऊ दिले. तो गाडी ओढून घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी चालवत घेऊन आला. उरलेले १०,५०० त्याने रोख मागितले, बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला. जुना पार्ट मागितला तर तो एक्सचेंजमध्ये कंपनीकडे गेला, असं सांगितलं. चावी अर्ध्यावर फिरवली तरी गाडी सुरू होत होती. मला एवढं हायसं वाटलं की मी त्याचे आभार मानले.

अकराव्या दिवशी गणपतीच्या खरेदीला राजवाड्याकडे गेले होते. मखराचं सामान डिकीत ठेवलं, चावी फिरवली. टक. माझ्या हातापायातलं बळच गेलं. गॅरेजवाल्याने फोन उचलला आणि सांगितलं की आता वायरिंगचा पूर्ण हार्नेस बदलावा लागेल, आणखी बारा हजार. शेजारच्या दुकानदारांनी माझा चेहरा पाहिला असणार. त्यांनी छावणीतल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात.

उस्तादांनी स्कॅनर आणलाच नव्हता. खिशात मल्टीमीटर आणि हातात एक जाड वायर, बस. आधी बॅटरी मोजली: १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते, म्हणजे बॅटरी चांगली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर ४.१ आला. मला बोनेटजवळ बोलावून तो आकडा दाखवला आणि समजावलं की इथे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट यायला हवा. एवढा विजेचा दाब वाटेतच खाल्ला जातोय, सेल्फपर्यंत पुरेसा पोचतच नाहीये.

मग त्यांनी ती जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या ब्लॉकला लावली. "मारो सेल्फ." पहिल्या फटक्यात गाडी सुरू.

दोष होता अर्थच्या (अर्थिंगच्या) पट्टीत, म्हणजे वीज बॅटरीकडे परत आणणाऱ्या वाटेत. बॅटरीच्या निगेटिव्हमधून एक वायर बॉडीला जाते आणि एक तांब्याची विणलेली पट्टी इंजिनला. दिवे, हॉर्न बॉडीच्या अर्थवर चालतात म्हणून ते ठणठणीत होते. सेल्फला लागतात शंभराहून जास्त अँपिअर, आणि ते सगळे इंजिनच्या त्या एका पट्टीतून परत यायचे असतात. बॅटरी खरंच बसली असती किंवा सेल्फ जाम झाला असता, तर चावी फिरवताक्षणी दिवे मंद झाले असते. गॅरेजवाल्याच्या बॅटरीने गाडी का उठली नाही तेही कळलं. त्याची काळी वायर आमच्या बॅटरीच्या खांबालाच होती, म्हणजे वाट तीच सडलेली. ती इंजिनला लावली असती तर त्याच दुपारी गाडी सुरू झाली असती. आणि नुसतं बीप वाजवून वायर तपासण्यात अर्थ नाही, असं उस्ताद म्हणाले. दहापैकी एक तार शाबूत असली तरी मीटर बीप देतो. लोड टाकूनच मोजायला हवं.

पट्टी काढली तेव्हा तिच्या टोकाचं आवरण सोलून त्यांनी माझ्या हातात दिली. आत हिरवीगार पूड होती, बोटाने दाबली तर तारा तुटून पडत होत्या. पण तिथे जे पाहिलं त्याने माझं डोकंच सणकलं. नटाच्या सगळ्या बाजू गंजून तपकिरी झालेल्या आणि दोन कडा मात्र पान्याने नुकत्याच खरवडलेल्या, चकचकीत. म्हणजे गॅरेजमध्ये कुणीतरी तो नट सोडवून, घासून परत आवळला होता. दोष त्याला सापडला होता. त्याने तो अकरा दिवसांपुरता दाबला आणि पैसे ईसीएमचे घेतले.

घरी येऊन मी जुने फोटो काढले. मागच्या वर्षी बॅटरी बदलली तेव्हा वॉरंटीसाठी बोनेट उघडून फोटो घेतला होता, आमच्या गाडीत ईसीएम बॅटरीला लागूनच आहे. स्टिकरचा डावा कोपरा फाटलेला, खाली नंबर. बोनेटखाली आजही तोच नंबर, तोच फाटका कोपरा. इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय सुरू न होणाऱ्या गाडीत कोरा ईसीएम घातला की चाव्या त्याच्याशी जुळवाव्या लागतात, हेही उस्तादांनीच सांगितलं. माझी दुसरी चावी तर सगळे दिवस देवघराच्या खणात होती, आणि तिने गाडी सुरू झाली.

स्कॅनरचा फोटोही त्यांना दाखवला. वरचा कोड पी०५६२ होता, म्हणजे व्होल्टेज कमी. अर्थ तुटत असेल तर ईसीएमलाच पुरेसा दाब मिळत नाही आणि मग संपर्क तुटल्याचा कोड येतो. म्हणून कुणी नुसत्या संपर्काच्या कोडवरून ईसीएम बदला म्हणालं, तर आधी तुमच्या डोळ्यांदेखत तेवढं एक माप घ्यायला लावा, बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत, सेल्फ मारताना. दोन मिनिटांचं काम आहे. गाडी उचलून नेण्याआधी पार्टच्या नंबरचा फोटो काढा, आणि जुना पार्ट हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

उस्तादांनी नवी पट्टी, मजुरी सगळं धरून ३५० रुपये घेतले आणि काय दोष होता ते मागितल्यावर चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यानंतर उरलेला पावसाळा गेला, गाडी एकदाही अडली नाही.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. दोन्ही फोटो, चिठ्ठी आणि ८,००० ची यूपीआय नोंद एका फाइलमध्ये लावून ठेवली आहे. रोख दिलेल्या १०,५०० चा माझ्याकडे कसलाच पुरावा नाही.