शांघाय की तैपेई? मँडरिनभाषक समाजात बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

मँडरिन बोलणाऱ्या समाजात काही वर्षे राहण्याची संधी मराठी माणसाकडे साधारणपणे दोन वाटांनी येते. सुट्या भागांची खरेदी, कारखान्यांशी व्यवहार किंवा बहुराष्ट्रीय कंपनीतील बदली या वाटेने ती आली, तर ती बहुधा शांघाय आणि त्याच्या परिसराकडे नेते. चिपनिर्मितीच्या उद्योगातून किंवा विद्यापीठीय संशोधनातून आली, तर तैपेईकडे किंवा तिथून हायस्पीड रेल्वेने अर्ध्या तासावर असलेल्या शिन्चूकडे. दोन्हीकडे मँडरिन चालते आणि दोन्हीकडे चांद्र नववर्ष हाच वर्षातला सर्वांत मोठा सण असल्यामुळे दूरवरून ही ठिकाणे सारखी भासतात. पगाराचा आकडा पाहून निवड करण्याचा मोह त्यामुळेच होतो. माझ्या मते आपले तिथले वास्तव्य कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहणार, हे आधी पाहावे आणि पगाराकडे त्यानंतर वळावे.

एक खबरदारी सुरुवातीलाच घ्यावी. तैवानमधील बहुसंख्य लोक आज स्वतःला चिनी म्हणवून न घेता तैवानी म्हणवतात. उलट चीनमध्ये तैवानचा स्वतंत्र देश म्हणून केलेला उल्लेख मुळीच खपत नाही. नवख्या माणसाने या विषयात दोन्हीकडे श्रोत्याची भूमिका घेणे शहाणपणाचे ठरते.

कागदपत्रांच्या बाबतीत फरक स्पष्ट आहे. चीनमध्ये नोकरीसाठी ‘झेड’ व्हिसावर प्रवेश मिळतो, आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि हॉटेल सोडून खासगी घरात राहायला गेल्यास २४ तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते. कार्य परवाना नोकरी देणाऱ्या मालकाशी बांधलेला असतो. परदेशी व्यक्तींसाठी कायम निवासाची सोय २००४ पासून आहे खरी, परंतु तिचे निकष इतके कडक आहेत की सामान्य नोकरदाराने ती हिशेबात धरू नये. तैवानमध्येही पहिला परवाना नोकरीशीच जोडलेला असतो. मात्र सलग पाच वर्षे, दरवर्षी किमान १८३ दिवस राहून उत्पन्न आणि वर्तणुकीच्या अटी पूर्ण केल्यास कायम निवास मिळू शकतो, आणि मग मालक बदलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. उच्च पगाराच्या किंवा विशेष कौशल्याच्या व्यक्तींसाठी २०१८ पासून ‘गोल्ड कार्ड’ आहे. त्यात व्हिसा, कार्य परवाना आणि निवास परवाना एकत्र मिळतो आणि तो कोणत्याही एका कंपनीला बांधलेला नसतो. त्याच्या आर्थिक गटासाठी मासिक १,६०,००० तैवानी डॉलर वेतनाचा निकष आहे, त्यामुळे नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणाला तो मार्ग सहसा खुला नसतो.

दैनंदिन सोयींत शांघाय निःसंशय पुढे आहे. भाजीवाल्यापासून रुग्णालयात नंबर लावण्यापर्यंत सारे काही वीचॅट (संदेश आणि पैसे पाठवण्याचे ॲप) किंवा अलीपे (पैसे देण्याचे ॲप) यांवर उरकते, आणि २०२३ पासून परदेशी कार्डेही या दोन्हींना जोडणे बरेच सोपे झाले आहे. मात्र ज्या फोनवर सारे चालते, त्याच फोनवर गूगल, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत. भारतीय कुटुंबांची अडचण याहून मोठी आहे, कारण भारताने जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये वीचॅटही होते. म्हणजे साताऱ्यातील आईच्या फोनवर वीचॅट नाही आणि शांघायमधील मुलाच्या फोनवर व्हॉट्सॲप लागत नाही. भारतीय सिमकार्डाचे आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू ठेवल्यास बाहेरची संकेतस्थळे उघडतात, पण तो खर्च दरमहा परवडणारा नसतो. तैवानमध्ये हा प्रश्नच नाही. तिथले लोक लाइन नावाचे ॲप वापरतात आणि व्हॉट्सॲप आपल्या जागी बिनबोभाट चालू राहते.

शाकाहारी घरांसाठी तुलना आणखी एकतर्फी होते. शांघायमध्ये १९२२ पासून चालत आलेले गोंगदेलिन यासारखे बौद्ध परंपरेचे शाकाहारी उपाहारगृह आहे, परंतु सामान्य खाणावळीत मांस नको असे सांगूनही हिरव्या शेंगांच्या भाजीत खिमा किंवा चरबी सापडू शकते, कारण चवीपुरते घातलेले मांस तिथे मांसाहारात धरलेच जाईल असे नाही. तैवानमध्ये पाकीटबंद शाकाहारी पदार्थावर पाचपैकी एक प्रकार छापणे बंधनकारक आहे: संपूर्ण शाकाहारी, अंडे असलेला, दूध असलेला, दूध आणि अंडे दोन्ही असलेला, आणि कांदा-लसूण वर्गातील वनस्पती असलेला. यांतील पहिल्या प्रकारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. जैन कुटुंबाला किंवा चातुर्मास पाळणाऱ्याला इतकी नेमकी माहिती पाकिटावर भारतातही क्वचितच मिळते. ही पाच नावे ओळखण्यापुरती अक्षरे पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावीत.

शेजाराशी संबंध कसा जुळतो, हे कचऱ्यावरून चांगले कळते. शांघायमध्ये १ जुलै २०१९ पासून ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक असे चार भाग करणे सक्तीचे आहे. बऱ्याच सोसायट्यांत ठरलेल्या वेळीच कुंड्या उघडतात, ओल्या कचऱ्याची पिशवी सोडून आतला ऐवज हाताने पिंपात रिकामा करावा लागतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठ स्वयंसेविका चुकीच्या पिंपाकडे वळलेला हात तिथेच थांबवतात. तैपेईत संध्याकाळी पियानोची धून वाजवत पिवळी घंटागाडी येते आणि लोक महापालिकेच्या निळ्या पिशव्या घेऊन आधीच कोपऱ्यावर जमलेले असतात. शुल्क त्या पिशवीच्या किमतीतच असते, तर वेगळे केलेले पुनर्वापराचे सामान विनाशुल्क घेतले जाते. गाडी चुकली की कचरा घरातच राहतो, म्हणून सारी गल्ली एकाच वेळी खाली उतरते आणि परक्या माणसाची ओळखही तिथेच होते. शांघायमध्ये जेवण आणि सामान दारापर्यंत येते. त्या सोयीमुळे एकटा राहणारा माणूस महिनोन्महिने कोणाशी न बोलता राहू शकतो.

आरोग्यसेवेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तैवानच्या १९९५ पासूनच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात नोकरदार परदेशी व्यक्ती रुजू झाल्यापासून सामील होते, तर नोकरी नसलेल्या जोडीदाराला सहा महिने थांबावे लागते. शांघायमधील मोठी सरकारी रुग्णालये उत्तम असली, तरी इंग्रजी बोलणारा आंतरराष्ट्रीय विभाग महाग पडतो, त्यामुळे कंपनी विमा देते का, हे आधी पाहावे.

भाषेच्या बाबतीत मात्र पारडे शांघायकडे झुकते. तिथे शिकलेली सोपी केलेली अक्षरे आणि रोमन लिपीवर आधारलेली पिनयिन पद्धत अधिक ठिकाणी उपयोगी पडते. तैवानमध्ये पारंपरिक, अधिक रेषांची अक्षरे आणि मुलांना शिकवण्यासाठी वेगळीच ध्वनिचिन्हे आहेत. मूल शाळेच्या वयाचे असेल, तर दोन्हीकडे स्थानिक शाळेत मँडरिनमधून शिकणे किंवा आंतरराष्ट्रीय शाळेचे मोठे शुल्क भरणे, हेच मुख्य पर्याय उरतात.

तैवानच्या बाजूनेही धोके आहेत. ३ एप्रिल २०२४ चा ह्वालिएनजवळचा ७.२ तीव्रतेचा भूकंप ताजा आहे, दर उन्हाळ्यात चक्रीवादळे येतात, चीन आणि तैवान यांच्यामधील सामुद्रधुनीत लष्करी तणाव अधूनमधून वाढतो, आणि भारताचा तिथे दूतावास नाही. ते काम इंडिया-तैपेई असोसिएशन करते. मुंबईत २०२४ पासून तैवानचे कार्यालय सुरू झाले आहे. भारताची चीनशी असलेली थेट विमानसेवा २०२० नंतर खंडित होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

पुरवठा साखळीत कारकीर्द घडवू इच्छिणाऱ्या, एकट्या आणि दोन-तीन वर्षांसाठीच जाणाऱ्या तरुणाला मी शांघाय सुचवेन. तिथल्या कारखानदारीचा आवाका तैवानमध्ये अनुभवता येणार नाही. कुटुंबासह जाणाऱ्याने किंवा पुढे तिथेच राहण्याचा विचार मनात असलेल्याने पगार थोडा कमी असला तरी तैवान निवडावे. शांघायच्या करारावर सही करण्यापूर्वी मात्र नोकरी सोडल्यास कार्यमुक्तीचे पत्र आणि परवाना रद्द केल्याचा दाखला किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्यावे. ही दोन कागदपत्रे अडली, तर नवी नोकरी हातात असूनही देश सोडण्याची वेळ येऊ शकते.