फिरते अंतराळ प्रदर्शन : कंपनांचा धडा पक्का, दाबाचा कच्चा

हर्णैजवळच्या आमच्या शाळेत गेल्या महिन्यात एका संस्थेची प्रदर्शन-बस आली होती. विद्यार्थ्यामागे तीस रुपये घेऊन, उड्डाणात अंतराळयानाला कोणकोणते ताण सोसावे लागतात हे प्रतिकृतींवर दाखवण्याची ही सेवा आहे. विज्ञानशिक्षक या नात्याने मी तिन्ही तुकड्यांबरोबर आत होतो.

सर्वांत सरस भाग कंपनमंचाचा. हातभर उंचीचा उपग्रह मंचावर आवळून हादऱ्यांची गती हळूहळू वाढवत नेली, तेव्हा इतका वेळ स्वस्थ असलेली त्याची एक सौरपट्टी ठरावीक गतीला एकाएकी फडफडू लागली आणि तिच्या बुडाचा नट डोळ्यांदेखत सैल झाला. गती आणखी वाढवताच मात्र पट्टी जवळजवळ शांत झाली. अनुनाद, म्हणजे हादऱ्यांची गती वस्तूच्या स्वाभाविक कंपनाशी जुळली की ती जोरात हलू लागणे, शिकवायला याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही. वडिलांच्या ट्रॉलरवर याचसाठी चेकनट (नट सैल होऊ नये म्हणून त्यावर आवळलेला दुसरा नट) लावतात, असे एका मुलाने लगेच सांगितले. १९७० मध्ये अपोलो १३ या चांद्रमोहिमेच्या उड्डाणात इंधनवाहिन्या आणि सांगाडा यांची कंपने जुळल्यामुळे रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्याचे मधले इंजिन सुमारे दोन मिनिटे आधीच बंद पडले होते, हेही मार्गदर्शकाने नेमके सांगितले.

दाबाच्या फलकावर मात्र ‘वेग सर्वाधिक तेव्हा हवेचा दाबही सर्वाधिक’ असे ठळक छापले आहे, आणि ते चूक आहे. यानावर आदळणाऱ्या हवेचा हा दाब हवेची घनता आणि वेगाचा वर्ग या दोहोंवर ठरतो. वेग वाढत असतानाच हवा विरळ होत जाते, त्यामुळे साधारण पहिल्या मिनिट-दीड मिनिटातच, दहा-बारा किलोमीटर उंचीच्या आसपास, दाब कमाल होऊन ओसरू लागतो. स्पेस शटल या अमेरिकी अंतराळयानाची मुख्य इंजिने त्या टप्प्यात मुद्दाम मंद केली जात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे २०२० च्या निसर्ग वादळात कौले गमावलेल्या मुलांना चटकन उमगले असते. चूक दाखवल्यावर मार्गदर्शकाने फलकावर कागद चिकटवला, एवढे श्रेय द्यायला हवे.

यान वातावरणात परत शिरतानाच्या, म्हणजे पुनःप्रवेशाच्या, उष्णतेवर केवळ दोन चित्रे आहेत. निर्वाताची काचहंडी तर महामार्गाच्या हादऱ्यांनी तडकूनच आली होती. कंपनांचा धडा देणाऱ्यांनी आपले सामान जरा नीट बांधावे.

शुल्क वाजवी आहे. बस माडांच्या गल्लीतून आत येत नाही, तेव्हा मैदानापर्यंत विजेची तार आधीच ओढून ठेवावी आणि कंपनमंचासाठी अर्धा तास जास्त मागून घ्यावा.