ब्लड ऑरेंज सिरप: पॅकिंग वाईट, चव लय भारी

दसऱ्याला घरी वीसेक पाहुणे होते म्हणून इटालियन सोडा (सिरप आन् सोड्याचं थंड पेय) करायला ब्लड ऑरेंजचं, म्हणजे आतून लाल असणाऱ्या संत्र्याचं, सिरप ऑनलाइन मागवलं, झाकण सैल होतं आन् सगळं खोकं चिकट झालेलं, तिथंच एक स्टार कमी. चव मात्र खरंच लय भारी! नुसत्या सोड्यात गोडमिट्ट लागतं, म्हणून ग्लासभर बर्फावर 2 चमचे सिरप, जालन्याच्या अर्ध्या मोसंबीचा रस आन् शेवटी थंडगार सोडा कडेनं हळूच ओतायचा, ढवळायचं नाही, खाली लाल वर पिवळसर थर काय सुंदर दिसतो. नाव इटालियन असलं तरी हा प्रकार 1925 साली सॅन फ्रान्सिस्कोत एका इटालियन जोडप्यानं आणला. ऑक्टोबरच्या उन्हातून आलेल्या आत्याबाईंनी दोनदा मागून घेतला. परत घेणार, पण दुसऱ्या विक्रेत्याकडून.