सुपर अण्णिगेरी-१ : मर लागणाऱ्या रानासाठी हरभऱ्याचे बियाणे

धारवाड जिल्ह्यातील अण्णिगेरी गावाचे नाव लावणारा अण्णिगेरी-१ हा हरभरा उत्तर कर्नाटकातल्या काळ्या रानांत वर्षानुवर्षे टिकून आहे, परंतु मर रोगापुढे, म्हणजे जमिनीतल्या बुरशीने उभे झाड वाळवणाऱ्या रोगापुढे, तो हात टेकतो. रायचूरचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी २०१९ मध्ये पुढे आणलेले सुपर अण्णिगेरी-१ हे त्याच वाणाचे दुरुस्त रूप असून महाराष्ट्रासाठीही त्याची शिफारस आहे. सीमेलगतच्या आमच्या कोरडवाहू रानात, ज्या पट्ट्यात दर रब्बीला मर हमखास दिसे, तिथेच ते मुद्दाम पेरले.

‘हा बीटी हरभरा का?’ असे बांधावर अनेकांनी विचारले. तसे ते नाही. यात बीटी पिकासारखे बाहेरचे, जिवाणूचे जनुक घातलेले नसून, डब्ल्यूआर ३१५ या मर-प्रतिकारक हरभऱ्याशी संकर करून पुढची रोपे पुन्हा पुन्हा अण्णिगेरीशीच संकरित केली आहेत आणि प्रत्येक पिढीत कोवळ्या पानाचा डीएनए तपासून, प्रतिकारकतेची खूण असलेली रोपेच पुढे नेली आहेत. त्यामुळे चव, दाणा आणि पक्वता बहुतांशी जुन्या वाणासारखीच राहिली आहे : ९५ ते ११० दिवसांत पीक तयार होते आणि शंभर दाण्यांचे वजन १८ ते २० ग्रॅम भरते.

मर रोगाच्या बाबतीत बियाणे बोलल्याप्रमाणे निघाले. पट्ट्यात अधूनमधून काही झाडे वाळली, तेव्हा ती उपटून खोडे उभी चिरून पाहिली. मर असती तर आत काळपट तपकिरी रेघ दिसली असती. ती कुठेच नव्हती, उलट सोटमूळ कोरडे पडून काडीसारखे मोडत होते, म्हणजे ती मूळकूज होती. निवड मर रोगाच्या खुणेवर झालेली असल्यामुळे मूळकुजीचा दोष या वाणावर टाकणे रास्त नाही, पण दुकानदार ‘रोग येतच नाही’ म्हणून पिशवी खपवतात तेव्हा हा फरक ते सांगत नाहीत. ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची बीजप्रक्रिया तेवढ्यासाठी करावीच लागते.

घाटे पोखरणाऱ्या घाटे अळीवरच्या फवारणीचा खर्चही तसाच राहिला. तिच्यावर भक्कम प्रतिकारकता लागवडीखालील हरभऱ्यात मिळत नसल्यानेच तर बीटी जनुकाचे प्रयोग झाले, आणि असा हरभरा शेतकऱ्याला अजून मिळालेला नाही. झाड पसरट असल्याने हार्वेस्टरने काढणी करणाऱ्यांची मात्र निराशा होईल.

चाचण्यांतील उत्पादन हेक्टरी १८९८ किलो, म्हणजे एकरी साडेसात क्विंटलच्या आसपास, आणि ते अण्णिगेरी-१ पेक्षा सुमारे ७ टक्के अधिक सांगितले जाते. ज्याच्या रानात मर येतच नाही त्याने एवढ्यासाठी हाताशी बसलेला वाण बदलण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. मरीने दरवर्षी पट्टेच्या पट्टे बसत असतील तर मात्र हे बियाणे घ्यावे. पहिली पिशवी प्रमाणित आणि लेबल पाहूनच आणावी, कारण सुटे ‘अण्णिगेरी’ म्हणून मिळणारे बियाणे जुने की सुपर हे दाण्यावरून ओळखता येत नाही. हरभरा स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारा, असल्यामुळे पुढे घरचे बियाणे राखता येते. फक्त वेगळी दिसणारी झाडे फुलोऱ्यातच उपटून टाकावीत.